कळते पण वळत नाही: हा आळस नव्हे, अंमलबजावणीचा प्रश्न आहे



आपल्या चळवळीत काही शब्दांबाबत आपण फार सावध असतो. कुणी ‘मेरिट’ म्हटले की त्या शब्दामागे काय दडले आहे ते आपण उलगडून दाखवतो. ‘कोट्यातला’ म्हटले की तिथल्या तिथे अडवतो. पण एक शब्द असा आहे जो आपल्या बापजाद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या फेकला गेला आणि आज आपणच तो आपल्या पोरांवर बिनदिक्कत फेकतो. तो शब्द म्हणजे ‘आळशी’.

मी हा शब्द जवळपास दहा वर्षे ऐकला. घरी ऐकला, होस्टेलवर ऐकला, विभागात ऐकला आणि सर्वात जास्त स्वतःच्याच तोंडून ऐकला. म्हणून आज त्याची नीट तपासणी करायची आहे.

आधी मला काय होत होते ते सांगतो. एम. ए.ला चांगले गुण मिळवून मी पीएच.डी.ला नोंदणी केली होती. विषय माझ्या आवडीचा होता, टिपणे तयार होती, पहिल्या प्रकरणात काय लिहायचे हे मला तोंडपाठ होते. सकाळी सहाला जाग यायची. समोर टेबल, टेबलावर लॅपटॉप. आणि मी खाटेच्या कडेवर बसलेला. मोबाईल हातात नाही, झोप नाही, ताप नाही. आतून मी स्वतःला ओरडून सांगतोय, ऊठ! पण उठणे घडत नाही. दहा वाजायचे. मेसची वेळ टळायची. भूक लागलेली असायची, तरी ‘आधी जेवू की आधी अंघोळ करू’ याचा निकाल लागायचा नाही. फेलोशिपच्या प्रगती अहवालावर एक सही हवी होती. सही करणारे प्राध्यापक दोन मजले खाली बसत. तो कागद माझ्या पिशवीत पाच आठवडे होता.

आणि हाच मी! रात्री दोनला वस्तीतून फोन आला की पोलीस स्टेशनला हजर. तिथे सकाळपर्यंत बसायचो, एका बैठकीत निवेदन लिहून द्यायचो. मोर्चाच्या आदल्या रात्री पन्नास फोन करायचो. साहजिकच सहकारी म्हणायचे, “चळवळीला वेळ आहे, अभ्यासाला नाही. म्हणजे तुझी इच्छाच नाही.”

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. इच्छा नसलेला माणूस निवांत असतो. तो दुपारी सिनेमाला जातो. जो चार तास खाटेच्या कडेवर स्वतःशी भांडत बसतो, त्याने त्या चार तासांत ना काम केलेले असते ना आराम. आळसाला सुख असते. यात सुखाचा कणही नसतो.

मराठीत या अवस्थेसाठी जुनी आणि अचूक म्हण आहे: कळते पण वळत नाही. मानसशास्त्रात याला एक्झिक्युटिव्ह डिसफंक्शन म्हणतात. कामाला सुरुवात करणे, कामाचे टप्पे पाडणे, मधली गोष्ट डोक्यात धरून ठेवणे, एका कामातून दुसऱ्यात शिरणे, वेळेचा अंदाज बांधणे, नको तिथे स्वतःला थांबवणे, ही मेंदूची कार्यकारी कामे. त्यांत कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो. हे काम बिघडले तर बुद्धी शाबूत असते, ज्ञान शाबूत असते, इच्छा शाबूत असते, पण इच्छेपासून हातापर्यंतचा रस्ता खचलेला असतो. हा काही स्वतंत्र आजार नव्हे. एडीएचडी, नैराश्य, ऑटिझम, मेंदूला झालेली इजा, अशा अनेक अवस्थांत तो दिसतो. एडीएचडीचे अमेरिकन अभ्यासक रसेल बार्कली अनेक वर्षे एकच मुद्दा मांडत आले आहेत: इथे अडचण ‘काय करायचे’ हे न कळण्याची नाही, जे कळते ते नेमक्या वेळी करता न येण्याची आहे. आपल्या आजीची म्हणच ती!

आंबेडकरी वाचकाला हे समजावायला मेंदूच्या चित्राचीही गरज नाही. कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यातला फरक आपल्याइतका कुणी भोगलेला नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा आला, १९८९ साली अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा आला. कायदा चांगला, शब्द चोख. आणि गावात एफआयआर नोंदवायला गेलो की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी आपण कायद्याला आळशी म्हणतो का? नाही. आपण विचारतो: तपास अधिकारी कोण? मुदत काय? दक्षता समितीची बैठक झाली का? खर्चाची तरतूद आहे का? म्हणजे ठराव मंजूर असूनही काम होत नसेल तर यंत्रणा तपासायची, हे आपण पक्के शिकलो आहोत. मग तोच न्याय आपल्या घरातल्या, खाटेच्या कडेवर बसलेल्या पोराला का लावत नाही?

त्याची दोन कारणे मला दिसतात.

पहिले कारण म्हणजे भीती. बाहेरचे टपूनच बसलेले आहेत. ‘यांना जमत नाही’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार आहे. अशा वेळी ‘माझ्या मेंदूला सुरुवात करणे जड जाते’ असे उघड म्हणणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, असे वाटते. मीही त्यामुळे कित्येक वर्षे गप्प होतो. पण नीट बघा. हा त्रास सर्व जातींत, सर्व वर्गांत आहे. फरक पडतो तो किंमत मोजताना. पैसेवाल्या घरातल्या मुलाची कागदपत्रे वडिलांच्या ओळखीचा एजंट करतो, फी आपोआप भरली जाते, वर्ष वाया गेले तर दुसरे वर्ष विकत घेता येते. आपल्या मुलाला जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेला आधार जोडणे, शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज, होस्टेलचा वेगळा अर्ज, हे सगळे स्वतः करावे लागते. घरात आधी कुणी केलेले नसते, म्हणून विचारायचे कुणाला हाही प्रश्न. यातला प्रत्येक कागद म्हणजे कार्यकारी कामाचा एक डोंगर. ज्याचा रस्ता खचला आहे त्याच्याच डोक्यावर सर्वात मोठे ओझे, असा हा प्रकार आहे. पुढे तो मुलगा शिक्षण सोडतो आणि आपण म्हणतो, पोराने संधीची माती केली.

दुसरे कारण जास्त नाजूक आहे. आपण बाबासाहेबांचे उदाहरण देतो. “बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुला दोन तास होत नाही?” हे वाक्य ऐकले नाही असा आंबेडकरी विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणार नाही. मला त्या उदाहरणाबद्दल पूर्ण आदर आहे. म्हणूनच ते अर्धवट सांगितले जाते याचा राग येतो.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत शाळकरी भीमराव शिकत होते, तेव्हा रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत, हे त्यांच्या चरित्रात आहे. परदेशात शिक्षण चालू असताना इथे उपाशीतापाशी घर चालवले ते रमाईंनी. १९४८ नंतर ढासळत्या प्रकृतीत पथ्य आणि औषधाची घडी सविता आंबेडकरांनी सांभाळली. नानकचंद रत्तू स्वतःची नोकरी करून बाबासाहेबांची टंकलेखनाची कामे करत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सविता आंबेडकर आणि नानकचंद रत्तू यांचे आभार मानले आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी मसुद्याच्या श्रेयाचा वाटा बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना जाहीरपणे दिला. बाबासाहेबांची बुद्धी आणि जिद्द असामान्य होतीच. पण त्यांनी स्वतः कधीही ‘मी एकट्याने केले’ असे म्हटले नाही. ते आपण म्हणायला लागलो. आणि त्या एकटेपणाच्या खोट्या मापाने आपण पोरांना मोजतो. दोन वाजता उठवणारे रामजी सुभेदार कुठे आहेत, हे कुणी विचारत नाही.

माझ्या घरीही एक रामजी सुभेदार होती. माझी आई. तिला अक्षरओळख नव्हती. बारावीपर्यंत ती पहाटे पाचला उठवायची, चुलीवर चहा ठेवायची आणि मी पुस्तक उघडेपर्यंत समोर भाकरीचे पीठ मळत बसायची. एक शब्द बोलायची नाही. मी शाळेत हुशार म्हणून गाजलो. होस्टेलला आलो, स्वतंत्र खोली मिळाली, वेळापत्रक कुणाचे नाही, आणि सगळे कोसळले. बुद्धी तीच होती. समोर बसणारी आई नव्हती.

हे माझ्या लक्षात आले ते आपल्याच एका उपक्रमामुळे. जयंतीच्या निमित्ताने आपल्याकडे सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. सकाळी सहा ते रात्री बारा. एका वर्षी मी नाव दिले, खरे तर तासाभरात उठून जाऊ या अंदाजाने. सभागृहात शंभरावर मुले-मुली मान खाली घालून बसलेली. मी बसलो आणि बसूनच राहिलो. चार महिने न उघडलेली टिपणे उघडली, त्या दिवशी अकरा पाने लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर पुन्हा तीच खाट, तीच कड. चोवीस तासांत माझी इच्छाशक्ती आली आणि गेली, असे म्हणायचे का? बदलले होते ते फक्त सभागृह. पोलीस स्टेशनला रात्रभर बसू शकणाऱ्या माझ्यात आणि प्रकरण लिहू न शकणाऱ्या माझ्यात हाच फरक होता. तिथे सोबत माणसे असायची, काम समोर असायचे, वेळ आत्ताची असायची. माझा मेंदू ‘महत्त्वाचे आहे’ या कारणाने सुरू होत नव्हता. तो सोबतीने आणि निकडीने सुरू होत होता.

त्यानंतर मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढला. वय २९. डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासले, कारण थकवा तिथूनही येतो. मग शाळेतल्या दिवसांबद्दल विचारले, आईशी फोनवर बोलले. एडीएचडीचे निदान मोठेपणी झाले तरी त्याची चिन्हे बारा वर्षांच्या आतली असावी लागतात. आईने कंपासपेट्या किती हरवल्या त्याचा हिशेब दिला! निदान एडीएचडीचे झाले, वर सौम्य नैराश्य. औषध सुरू झाले. गोळीने माझा प्रबंध लिहिला नाही. ठरवणे आणि उठणे यातली दरी तिने अरुंद केली, एवढेच. बाकीचा पूल मला बांधावा लागला. तो कसा बांधला ते लिहितो, कारण अनेकांना औषधाशिवायही यातले काही उपयोगी पडेल.

१. कामाचे नाव लिहू नका, पहिली हालचाल लिहा. ‘प्रकरण दोन पूर्ण करणे’ हे काम नव्हे, तो ठराव आहे. ‘लॅपटॉप उघडून काल थांबलो तो परिच्छेद मोठ्याने वाचणे’ ही हालचाल आहे. हालचाल इतकी लहान हवी की ती नाकारायला लाज वाटावी.

२. वेळेऐवजी घटनेला बांधा. ‘सकाळी सातला बसेन’ हे माझे कधीच झाले नाही. ‘चहाचा कप धुऊन ठेवला की खुर्चीत बसेन’ हे झाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा जर-तर नियोजनाचा दीर्घ अभ्यास केला आहे. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा जर-तर ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसले.

३. सोबत बसा. दोघांनी एकाच विषयावर काम करायची गरज नाही. मी प्रबंध लिहायचो, शेजारी मित्र पोलीस भरतीची गणिते सोडवायचा. समोर कुणी नसेल तर फोनवर व्हिडिओ चालू ठेवून बसा, बोलायचे नाही. भीक मागतोय असे वाटून घेऊ नका. समोरच्यालाही तितकाच उपयोग होतो.

४. डोक्यावर भार टाकू नका, भिंतीवर टाका. सर्व मूळ कागद आणि प्रत्येकी पाच झेरॉक्स एका प्लास्टिकच्या फायलीत, आणि ती फाईल दाराजवळच्या खिळ्याला. कपाटात ठेवलेली वस्तू माझ्यासाठी अस्तित्वातच नसते.

५. वेळ डोळ्यांना दिसू द्या. काट्यांचे मोठे घड्याळ समोर लावा. पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की उठायची मोकळीक, ही अट पाळा. बहुतेक वेळा उठावेसे वाटत नाही, पण मोकळीक खरी असली पाहिजे.

६. घडी मोडणार हे गृहीत धरा. माझी कुठलीही पद्धत तीन-चार आठवड्यांत शिळी होते. पूर्वी ती मोडली की मी स्वतःचा पंचनामा करायचो. आता जागा बदलतो, सोबती बदलतो, वेळ बदलतो आणि पुन्हा सुरू करतो.

या शेवटच्या मुद्द्यात मला बुद्धांची शिकवण दिसते. ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लानांना झापड येत होती, तो प्रसंग अंगुत्तर निकायात आहे. बुद्धांनी त्यांना बोल लावला नाही. एकामागून एक उपाय सांगितले: मनातला विषय बदल, पाठ असलेले म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मार, ताऱ्यांकडे बघ, येरझारा घाल, आणि तरीही नाही गेले तर झोप घे. झापड आणि मी सांगतोय तो त्रास एक नव्हे. पण शिष्य अडला तर गुरूने काय करावे याचा हा धडा आहे. एक उपाय चालला नाही तर दुसरा. शिष्याच्या नियतीवर शंका कुठेच नाही.

आता हक्काची गोष्ट. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी यंत्रणेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यासाठी मनोरुग्णालयातच गेले पाहिजे असे नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीत बोलता येते. एडीएचडीच्या गोळ्या मित्राकडून घेऊन खाऊ नका. त्यांनी हृदयाची गती आणि रक्तदाब वाढू शकतो, त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायच्या. आणि एक मागणीही नोंदवून ठेवतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेत थोडा जादा वेळ, अहवालाला थोडी मुदत, एवढ्यासाठीही विद्यार्थ्याला कुणाच्या मर्जीवर राहावे लागते. विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा.

माझा प्रबंध सादर झाला, ठरलेल्या वेळेच्या तीन वर्षे उशिरा. त्रास गेलेला नाही. हा लेखही मी विहारात, शेजारी दोन मुली नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करत असताना लिहितो आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बैठकीत एखादा मुलगा काम स्वीकारतो आणि ते त्याच्या हातून होत नाही, तेव्हा ‘तू सीरियस नाहीस’ म्हणण्याआधी त्याला विचारा, कुठे अडते? सुरुवातीला, मध्ये की शेवटी? काम देताना पहिली हालचाल, तारीख आणि सोबतीचे नाव द्या. आणि दुसरी गोष्ट: १८ तासांचा उपक्रम जरूर करा, त्याने माझे डोळे उघडले. पण त्या एका दिवसाला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात आपल्या वस्तीतले विहार रोज संध्याकाळी सात ते आठ उघडे ठेवता येईल. किल्ली एकाकडे, चटई अंथरलेली, दिवा लागलेला, बोलायचे नाही, कोण किती शिकला याची चौकशी नाही. अठरा दिवसांत अठरा तास होतात, आणि एकोणिसाव्या दिवशीही दार उघडे असते.

येत्या रविवारी तुमच्या वस्तीत किल्ली कुणाकडे राहील, एवढे आधी ठरवा.

जय भीम!